घुमारा आधी की नंतर

सोमवार, ४
धाकट्या लेकीला संगीत विद्यालयात जायचंय. गिटारवर एक तुकडा वाजवून, रेकॉर्ड करून शनिवारी पाचच्या आत पाठवायचा. पुढच्या वर्षी वय बसत नाही, म्हणजे ही एकच संधी. स्टुडिओ कशाला? मी आहे की! अडगळीची खोली रिकामी केली. कपाट बैठकीत आलं. ही म्हणाली, आता पाहुण्यांना कपाटात बसवा. दुर्लक्ष केलं.

मंगळवार, ५. सकाळी १०
गिटारचा अ‍ॅम्प आणि माइक खोलीत, मी मिक्सर आणि हेडफोन घेऊन दाराबाहेर. धाकटीनं बजावलं, बाबा, रिव्हर्बचं बटण शून्यावर हं. त्यांना नुसता हात ऐकायचाय. घुमारा मागाहून घालता येतो, आत गेलेला काढता येत नाही. पटलं. निश्चय: त्या बटणाला बोट लावणार नाही.

१०.२०
फारच कोरडं. घशाखाली उतरेना. दोनवर ठेवलं. चवीपुरतं.

बुधवार, ६
दोनाचे सहा झाले. पण काय वाजवलंय पोरीनं! अंगावर काटा आला. बाहेर आली तर बोटाला फोड, चेहरा मात्र फुललेला. म्हणाली, असं पुन्हा जमायचं नाही. मी म्हटलं, गरजच नाही.

गुरुवार, ७
तिनं ऐकलं. अर्ध्यावर हेडफोन काढला. म्हणाली, बाबा, मी विहिरीत बसून वाजवतेय का? मग मी जेवलो का ते विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८. दुपारी
ती कामावर. तोडगा सापडला! परवाचं रेकॉर्डिंग अ‍ॅम्पमधून वाजवायचं, पुढे माइक, बटण शून्यावर, आणि नव्यानं रेकॉर्ड करायचं. शून्यातून गेल्यावर घुमारा राहील कुठे?

चार वाजता
राहिला. शिवाय खोलीचा वेगळा मिळाला. मधेच हिचा आवाज, अहो, गॅस बंद करा. तोही घुमतोय.

शनिवार, ९. दुपारी ३
धाकटी आली. बोटाला पट्टी बांधली, मिक्सर स्वतः आत नेला. मला म्हणाली, तुम्ही दार सांभाळा. पाठ दाराला लावून बसलो. पहिल्या खेपेला तार चुकली. दुसऱ्या खेपेला पट्टी सुटली. तिसऱ्या खेपेला दाराआडून नुसती गिटार. कोरडी, ठणठणीत. एवढं तिला येतं हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मी बटणच ऐकत होतो.

४.५०
गेलं. फॉर्म मला दाखवला. इफेक्ट: नाही. रेकॉर्डिंग: स्वतः. इतर साहाय्य: वडील, दार धरून बसले.
दुसऱ्या खेपेला मी ‘वा!’ म्हणायला दार उघडलं होतं. पट्टी तेव्हाच दचकून सुटली. ते तिनं लिहिलेलं नाही.