तुझा पुतळा संपावर आहे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या चुलतभावाचा वाकून नमस्कार. (मायना तुझ्या वयाला शोभेल असा घातला आहे, यापुढचं अरेतुरे आपल्या जुन्या भांडणांना शोभेल असं आहे.) तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? झाडांना खरंच रोज पाणी घालावं लागतं, हे सहा वर्षं गेममधली झाडं रंगवून रोपवाटिका काढणाऱ्या माणसाला एव्हाना कळलं असेल. मी ठणठणीत आहे. तू शब्द टाकलास म्हणून तुझ्या जुन्या स्टुडिओत मला नोकरी लागली, त्याचे आभार मानायला हे पत्र. निदान लिहायला बसलो ते त्यासाठी.

माझा पहिला आरोप असा, की तिथली एकही गोष्ट तू मला आधी सांगितली नाहीस. भर दुपारी खिडक्यांवर काळे पडदे, कारण ऊन आलं की मॉनिटरवरचे रंग खोटे दिसतात. चाळीस माणसं कानांवर हेडफोन चढवून बसलेली; शेजाऱ्याला काही विचारायचं तरी संदेश पाठवायचा, आणि त्याने मान न वळवता संदेशातच हसायचं. बोळाच्या टोकाला कोट टांगायचं कपाट, त्यावर पाटी: ‘आत मरण चालू आहे, दार वाजवू नये.’ तिथे आवाज भरणारा बसतो. गेममध्ये हाडं मोडतात तो आवाज म्हणजे त्याने मोडलेले कोबीचे गड्डे, म्हणून सगळे त्याला कोबीवाला म्हणतात. माणूस अत्यंत मृदू. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, “जरा मरता का? जिन्यावरून पडून. नेहमीचे गृहस्थ रजेवर आहेत.” मी कोटांमध्ये उभा राहून मेलो. तो म्हणाला, “छान, पण फार मुद्देसूद मेलात.”

माझं खरं काम भिंतींना धडका देण्याचं. गेममध्ये एक गाव आहे. त्यातल्या प्रत्येक भिंतीवर एका माणसाला चालवत न्यायचं, तो आदळला की पुढची भिंत. आरपार गेला तर ‘भोक आहे’ अशी नोंद करायची. रोज आठ तास! दादा, मी चौकाचौकांत उभा राहून अन्यायाच्या भिंती पाडायला निघालेला माणूस, आणि माझं पोट चाललं आहे ते भिंती शाबूत असल्याची खात्री करून.

तिसऱ्या महिन्यात माझा माणूस धान्याच्या कोठाराच्या भिंतीतून आरपार गेला. पलीकडे एक खोली होती. दार नाही, खिडकी नाही, एक साधं बाकडंही नाही. आणि तिच्यात माणसं उभी होती, खांद्याला खांदा लावून, भिंतीकडे तोंड करून. एकसष्ट. मी मोजली.

तुला हे ठाऊकच आहे, पण वहिनी वाचतील म्हणून सांगतो. कामावर रुजू झालं की पहिल्या दिवशी आपल्याला नव्वद कॅमेऱ्यांच्या रिंगणात हात पसरून उभं करतात आणि आपला पुतळा करून घेतात. गेममधल्या बाजारात गर्दी हवी, ती या पुतळ्यांची. माणूस नोकरी सोडून जातो, पुतळा राहतो. त्यांना तीनच वाक्यं येतात, तीही कोबीवाल्याच्या आवाजात: “आज गर्दी फार आहे,” “जरा सरकता का?” आणि “कोण आहे तिकडे?” बाजार नसेल तेव्हा त्यांना ठेवायची ती ही खोली. भिंतीलगत मी होतो. आणि तिसऱ्या रांगेत तू होतास, तोच चौकड्यांचा शर्ट, खिशाचं एक झाकण आत दुमडलेलं. सगळ्यांच्या पापण्या एकदम मिटत होत्या आणि एकदम उघडत होत्या.

नियमाप्रमाणे मी ‘भोक आहे, बुजवा’ असं लिहायला हवं होतं. पण माझं रक्त उसळलं. माणूस सुटला आणि त्याचा चेहरा अजून हजेरी लावतो आहे! रजा नाही, जेवणाची सुट्टी नाही, टेकायला खुर्ची नाही! मी तिथल्या तिथे, मॉनिटरसमोर, अकरा मिनिटं भाषण केलं. विषय होता, उभ्या माणसाचा बसण्याचा हक्क. (माईक जोडलेला नव्हता आणि पुतळ्यांना कान नसतात, एवढं मला कळतं. चाळीस हेडफोनवाल्यांनीही ऐकलं नाही. इतका शांत श्रोतृवर्ग मला कधी लाभला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या भोकातून आत गेलो. एकसष्टांची तोंडं माझ्याकडे होती.

त्या दिवसापासून बाजार ओस पडला. दुकानदार मोकळ्या रस्त्याला भाव सांगत होते. गर्दी चालवण्याचं काम ज्याच्याकडे आहे तो दाढीवाला दोन दिवस डोकं धरून बसला. शेवटी मॅडमना (आमच्या सगळ्यांच्या वरच्या) म्हणाला, “बाजारात चला असा हुकूम दिला की तो झाडं रंगवणारा पुढे होतो, ‘जरा सरकता का?’ म्हणतो आणि सगळे खाली बसतात.”

“मग उठवा की.”

“मॅडम, बसण्याची हालचाल आपण केलेलीच नाही. गर्दीला बसता येत नाही.”

मॅडमनी मला बोलावलं. भिंतीत शिरून काय केलंत, म्हणाल्या. मी म्हटलं, भाषण. कशावर? मी विषय सांगितला. त्या उभ्या होत्या, त्या हळूच खुर्चीत बसल्या.

आता ठरलं आहे ते असं: सगळे जुने पुतळे शुक्रवारी दुपारी पुसून टाकायचे आणि कोरे चेहरे आणायचे. आपल्या करारात (तो मी तीनदा वाचला, तिथे दुसऱ्या कुणी एकदाही वाचलेला नाही) एक कलम आहे. पुसण्याच्या सात दिवस आधी ज्याचा चेहरा त्याला विचारायचं. ‘नाही’ म्हटलं तर तो पुतळा राहतो. उत्तर आलं नाही तर होकार धरायचा. बाकीच्यांनी होकार दिले. कुणीतरी खाली हसरं तोंडही काढलं आहे.

असो. नोकरी लावून दिल्याबद्दल पुन्हा आभार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सरकारी दिसणारी पाकिटं तू उघडत नाहीस, हे मला माहीत आहे. स्टुडिओकडून करड्या रंगाचं एक आलं असेल. ते फोड, आत ‘नाही’ लिही, सही कर आणि गुरुवारच्या आत पोचेल असं धाड. आभारबिभार सोड, मी पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. तुझा पुतळा सगळ्यांच्या पुढे बसला आहे रे, दादा. सहा वर्षांत तू त्या ऑफिसात एकदाही वर तोंड करून बोलला नाहीस. तो बोलला.

आणखी एक. विचारणा मलाही झाली होती. कायम नोकरीचा कागद आणि होकाराचा कागद मॅडमनी एकावर एक ठेवले होते. मी दोन्हींवर सही केली. माझा पुतळा त्यांनी माझ्यासमोरच पुसला, दुखलं काहीच नाही. पण खोलीत माझी जागा बाकीच्या पुतळ्यांनी तेवढीच मोकळी ठेवली आहे, आणि तू सोडून सगळे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. काल मी परत बोललो. चांगलं बोललो. एकानेही मान वळवली नाही. तू नुसता बघत होतास. तेव्हा ‘नाही’ लिहीच. आणि हा सल्ला कुणी दिला असं मॅडमनी विचारलं, तर माझं नाव घेऊ नकोस.