मी गाव सोडून गेलो, त्याची हकीकत

प्रिय देसांकाताईस,

धाकट्या राडोयित्साकडून आपल्या रीतीप्रमाणे तीन मुके. ग्राझची थंडी तुझ्या गुडघ्यांना फार छळत नसेल, अशी आशा आहे. (इथे असतीस तर तुझ्या भावजयीने, मिलुंकाने, कोबीचं पान बांधलं असतं; तिकडे डॉक्टर आहेत, त्याला काय इलाज!)

तर ताई, गेल्या आठवड्यात मी गाव सोडून गेलो. म्हणजे स्वयंपाकघरातच बसलो होतो. पाद्रीबुवांच्या पत्नी ल्युबिंकाबाई आपल्या गावाच्या ग्रुपच्या मालकीण. रोज पहाटे गुलाब, मेणबत्ती आणि रडकं मांजर पाठवतात. त्यातलं मांजर पुसायला गेलो, तर फोनने काहीतरी विचारलं. इतक्या अदबीने हल्ली घरात कोणी विचारत नाही, म्हणून हो म्हटलं. लगेच सगळ्या गावाच्या हातात बातमी: 'राडोयित्सा ग्रुप सोडून गेले.' पूर्वी असं व्हायला जमिनीची भांडणं लागत. आता अंगठा पुरतो. प्रगती आहे.

मित्रोव्दानच्या दिवशी आपल्या घरच्या संताचा सण, स्लाव्हा. स्लाव्हाला आपण बोलावणं धाडत नाही, ज्याला यायचं तो येतो. यंदा कोणालाच यायचं नव्हतं. मिलुंकाने अख्ख्या गावाला पुरेल एवढी सार्मा वळली होती (कोबीची पानं संपली, तेव्हा थांबली), आणि जेवायला एकटे पाद्रीबुवा! चौथ्यांदा वाढून घेत म्हणाले, "मी ग्रुपवर नाही रे, त्यामुळे तुमचं भांडण झालंय हे मला कळलंच नाही."

मिलुंका ताटं आवरायला लागली, तिचे डोळे भरलेले. मला ते पाहवेना. सणाच्या कोटातच वेलिसावकडे गेलो. माझ्या लग्नात शेजारी उभा राहिलेला, पोरांचा धर्मबाप, आपला कूम! तो दार अडवून उभा.

"एवढं जुनं नातं, आणि न सांगता निघून गेलास?"

"अरे, तुझ्यासमोर उभा आहे की मी!"

"इथे आहेस. तिथे नाहीस."

"मग तिथेच वाढू का तुला सार्मा?"

"आधी ग्रुपवर ये, मग मी घरी येतो. माणसाला काही मान असतो की नाही?"

शेवटी पाद्रीबुवांनी घरी जाऊन बायकोला काय सांगितलं, देव जाणे. पण मी पुन्हा गावात आलो. अर्ध्या तासात अंगणात पाय ठेवायला जागा नाही! वेलिसाव आलुबुखाराच्या दारूची बाटली घेऊन सगळ्यांच्या पुढे, गळ्यात पडून रडला. मीही रडलो. मग "फोटो नीट नाही आला" म्हणून वेलिसावच्या पुतण्याने आम्हाला पुन्हा रडायला लावलं. सार्मा फोटो काढून घेता घेता गार झाली. मिलुंका कडाडली, "मेल्यांनो, जेवायला आलात की फोनला भरवायला?" तेही कोणीतरी ग्रुपवर टाकलं. खूप हृदयं मिळाली तिला.

तर ताई, असली यंत्रं माणसाला माणसातून उठवतात. माझं त्यांच्याशी आता काही देणंघेणं नाही.

तुझा,
राडोयित्सा

ता. क. या प्रकरणात गावाने ल्युबिंकाबाईंना इतकं सुनावलं, की त्या मालकीपद सोडताहेत. रविवारी मतदान आहे. तू अजून ग्रुपवर आहेस. तुझं मत मला. मिलुंकाला सांगू नकोस.

आणखी एक. वेलिसावही उभा आहे. त्याचा फोन आला तर उचलू नकोस. उचललासच, तर त्याला हो म्हण आणि मत मला दे.