वहिनीचा सतरा नंबरचा फॉर्म

बेलापूर,
मार्च १९९६

प्रिय वहिनी,

आज तुझं हॉल तिकीट आलं. तुला जाऊन अडीच महिने झाले, आणि आज आलं! श्रीरामपूरच्या त्या शाळेवरून चाललो होतो, तर शिपायानं फाटकातून हाक मारली. "अवो, तुमच्या वहिनीचं तिकीट कोन नेनार? परवा मराठीचा पेपर हाय!" ती गेली, असं मला म्हणवेना. सही केली, घेऊन आलो. म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

दीड वर्षापूर्वी तुझा पहिला फॉर्म मीच न्यायचा होता. बाहेरून दहावीला बसायचा, सतरा नंबरचा. नववीतून काढून तुझं लग्न लावलेलं, आणि अंगणवाडीत सेविका व्हायला दहावी पाहिजे होती. भंडारदऱ्याला माहेरी जाऊन तू दाखला आणलास. "भावजी, आज शेवटची तारीख हाय. कॉलेजला जाताच हाय, तर तेवढा हापिसात द्या. आन् सुरेखाबाईंच्या मागं फिरताना इसरू नका!"

विसरलो नाही गं. तेच तर सांगायचंय. फॉर्म खिशात होता, शाळेचं फाटक समोर होतं. तेवढ्यात मित्र म्हणाला, सुरेखाला बघायला राहात्याचे पाहुणे आलेत. माझं डोकंच फिरलं. सायकल वळवली ती थेट तिच्या दारात. तिच्या भावाची कॉलर धरली, मार खाल्ला. तिनं खिडकीसुद्धा उघडली नाही! दुसऱ्या दिवशी मी कॉलेज सोडलं.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, "दिला का?" मी म्हणालो, "दिला."

आणि तू अभ्यासाला लागलीस. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं इंग्रजी शब्द लिहायचीस. शनिवारी भिंत सारवायच्या आत ते पाठ झालेच पाहिजेत, असा तुझाच कायदा. आई टोमणा मारायची, "पोरं शाळेत धाडायच्या वयात ही बया सोताच निघाली!" तू हसत भाकरी थापायचीस आणि मला म्हणायचीस, "भावजी, ते प्रमेय परत एकदा सांगा." मी सांगायचो! तुझं नाव कुठल्याच यादीत नाही हे ठाऊक असून तुला भूमिती शिकवत होतो. कसा गं नीच मी!

तेव्हा तरी बोलायचं ना? तोंडच नव्हतं. आणि खरं सांगू? त्या दिवसांत घरात तूच एकटी मला शहाणा समजत होतीस.

फेब्रुवारीत तू शाळेत चौकशीला गेलीस. रजिस्टरात तुझं नावच नव्हतं. घरी आलीस आणि चप्पल न काढता ओट्यावर बसून राहिलीस. आईनं विचारलं, तर म्हणालीस, "माझ्याच दाखल्यात चूक हुती. फॉर्म परत आला." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. दोन कानाखाली का नाही दिल्यास? का झाकलंस मला? तुझ्या त्या चांगुलपणाचा अजून राग येतो, वहिनी! शिव्या दिल्या असत्यास, तर त्याच दिवशी सुटलो असतो.

मला नंतर एवढंच म्हणालीस, "औंदा माझी मी जाईन." आणि गेलीस. स्वतः फॉर्म दिलास, पावती पदराला बांधून आणलीस. भिंतीवर पुन्हा तेच शब्द, पहिल्यापासून.

मग कावीळ. दादानं दवाखान्याआधी तुला कावीळ उतरवायची माळ घालायला नेलं, आठ दिवस त्यातच गेले. मी त्याच्यावर ओरडलो. मला कसला हक्क? त्यानं आठ दिवस घालवले, मी अख्खं वर्ष. पहिल्याच वर्षी बसली असतीस, तर दहावी पास होऊन गेली असतीस.

काल आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "गुनाची हुती, पर एक फॉर्म धड भरता आला न्हाई तिला. शिकून काय करनार हुती?" मी तिथंच होतो. गप्प राहिलो. पुन्हा!

कॉलेजला परत जाईन, असलं वचन देत नाही. माझ्या शब्दाची किंमत तुला ठाऊक आहे. पण दादा चार वाजता कारखान्यातून सुटतो. आज तो आला, की त्याच्यासमोर, आईसमोर, काकूंनाही बोलावून सांगणार: तिनं फॉर्म बरोबर भरला होता. मी दिला नाही. दादा हात उचलेल. उचलू दे. तू तर कधी उचललाच नाहीस.

तुझा दीर,
संजय