मुळ्याची विरळणी

१० नोव्हेंबर १९५४
आश्रयगृहात ट्रेनिंग सुरू. सकाळी भाजीबाग, दुपारी स्वयंपाक. सगळे फुटपाथवरचे. मी तात्पुरता. हातमाग विकल्यापासून इतवारीत एका कापडदुकानाच्या ओट्यावर निजत होतो, एवढेच. शेवटी धंतोलीचे एक डॉक्टर परीक्षा घेऊन एकाला दवाखान्यात कामाला ठेवणार. बाग सांभाळायची, रोग्यांचे जेवण करायचे. राहायला खोली. नोकरी मलाच. इथे चौथी शिकलेला दुसरा कोणी नाही.

११ नोव्हेंबर
शेजारी चंद्रभान निजतो. पूर्वी हमाल होता. खोली मिळाली की तुला ओसरीत निजू देईन, असे त्याला सांगितले. अट एकच, घोरायचे नाही. बरं म्हणाला.

१५ नोव्हेंबर
मुळा पेरला. शिकवणाऱ्या यमुताई म्हणतात, अंतर ठेवा. मी मागावर ताणा लावतात तसा पेरला, धाग्याला धागा. बाकीच्यांचे वाफे म्हणजे मच्छरदाणी.

२८ नोव्हेंबर
वाफा लुगड्याच्या काठासारखा भरला. यमुताई म्हणाल्या, विरळणी करा, मधली रोपे उपटा. जन्मभर विणले, चांगला धागा कधी ओढून काढला नाही. तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "अजी नानाजी, हे लुगडं नोहे. एकाले काढल्याबिगर दुसऱ्याले जागा होत नाही." विरळणी उद्या, नक्की.

२ डिसेंबर
थंडी. विरळणी उद्या.

११ डिसेंबर
विरळणीला बसलो. दोन रोपे उपटली. वाईट वाटले, तिथेच कडेला परत लावली. चंद्रभान म्हणाला, "नानाजी, तुमचा वाफा म्हंजे आपला फुटपाथच हाये गा." उद्धट माणूस. ओसरीचा पुन्हा विचार करावा लागेल.

२ जानेवारी १९५५
उद्या परीक्षा. काळजी नाही. भातात माझा हातखंडा आहे. सुताला खळ द्यायला घरी भात मीच शिजवत असे.

३ जानेवारी
डॉक्टरांनी मुळे उपटायला लावले. माझ्या वाफ्यात पाला उत्तम. खाली मुळ्याच्या जागी सूत निघाले. हे काय, असे त्यांनी विचारले. बारीक जात आहे, म्हणालो. भात इतका मऊ झाला की डाव उलटा केला तरी सुटेना. खळ म्हणून अव्वल. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिले. निकाल माझ्याच बाजूने.

५ जानेवारी
चंद्रभानला ठेवले. डॉक्टरांची काहीतरी चूक झाली असावी. दुरुस्तीची वाट पाहतो. आमची इथली जागा शनिवारपर्यंतच. इतवारीच्या ओट्यावर आता दुसरा कोणी निजतो म्हणे.

८ जानेवारी, शनिवार
सतरंजी गुंडाळून फाटकाशी उभा होतो. कुठे जायचे ते ठरत होते. चंद्रभान आला. म्हणाला, "चला नानाजी, ओसरी हाये. फकस्त वाफ्याले अन् चुलीवरल्या भाताच्या गंजाले हात लावाचा नाही." विचार करून सांगतो म्हणालो. तोवर त्याने सतरंजी उचलली होती.

दुपार, धंतोली. ओसरी बरी आहे, वारा लागतो. जेवणात मुळा होता, जाडजूड.

चंद्रभान आत घोरतो आहे. अट मोडली. सध्या माफ.