कच्चा टाका

१४ जुलै

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, पिल्लाला पापा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिलं. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. उजव्याला सध्या सुट्टी दिलीय.

बाबा पायरीवरून पडले. डोक्याला टाके पडलेत. कुणी विचारलं तर तूही पायरीच सांग, सासूबाईंनासुद्धा.

टाक्यांवरूनच तर सगळा घोळ झाला. शाळा संपल्यावर बाबांनी माझं नाव त्यांच्याच कॉलेजात घातलं. आयुष्यभर तिथे शिपाई म्हणून साहेबांच्या खुर्च्या पुसल्या, आता पोरीला पदवी घेऊन तसल्याच एका खुर्चीत बसलेलं बघायचं होतं. मला लोखंड जोडायचं होतं. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, तोवर मी गुपचूप तंत्रशाळेत वेल्डिंगला जायला लागले. आईनं विचारलं, कुठे जातेस गं रोज? मी म्हटलं, टाके घालायला शिकते. खोटं कुठे होतं? आमच्या वेल्डिंगमध्येही टाकेच म्हणतात. पण आई हरखली. गल्लीभर सांगून आली आणि उशांचे अभ्रे शिवायला माझ्यापुढे टाकले. मी ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून आणले. 'तुझी शिवण फार सरळ येते गं,' म्हणाली बिचारी.

मग एकदा घाईत काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघितलं आणि डोळे टम्म सुजले. आईला वाटलं, सुईत दोरा ओवून ओवून पोरीचे डोळे गेले. तिनं माझी बाजू घ्यायची म्हणून बाबांना सांगितलं, 'तिचा शिवणक्लास थोडे दिवस बंद करा.'

बाबा म्हणाले, 'कुठला शिवणक्लास?'

माझी पिशवी जमिनीवर ओतली. चामड्याचे हातमोजे, काळी काच, जोडावरची खपली उडवायची छोटी हातोडी. मग पट्टा निघाला. तुला माहीतच आहे, बक्कल मोकळं सोडून मारतात. पाठ फुटली तरी मी म्हणत राहिले, मी जाणार. मी गप्प बसायला हवं होतं का, ते अजून कळत नाही. त्यांनी माझा उजवा हात धरला, चौकटीवर दाबला आणि दार ओढलं. 'या हातात पेन दिला होता मी,' असं ओरडत होते आणि रडतही होते. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

पुढचं तुला लिहायचं नव्हतं. पण डाव्या हातानं खोटं लिहायला फार वेळ लागतो.

तुला मार बसायचा तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. त्याचा राग धरून तू लग्नानंतर तिच्याशी शब्द बोलली नाहीस. याही वेळी ती भिंतीकडेच वळली होती. बाबांनी दार दुसऱ्यांदा ओढलं, तेव्हा मात्र ती वळली, खाली वाकली, हातोडी उचलली आणि त्यांच्या डोक्यात घातली. ते दाराला धरून खाली बसले. रक्त डोळ्यांत जात होतं. ती पुन्हा मारणार होती. मी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, तेव्हा कुठे थांबली.

दवाखान्यात डॉक्टर बाबांचं डोकं शिवत होते आणि आई टक लावून बघत होती. हळूच विचारलं, 'हेच का तुझे टाके?'

'नाही गं. आमच्यात आधी दोन तुकडे जागेवर धरायला कच्चा टाका घालतात, मग पक्कं जोडतात.'

'म्हणजे शिवणकामच की,' ती म्हणाली. मला तिथेच हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

काल बाबा उठून बसले. आवाज अगदी मऊ. 'सोमवारी माझ्याबरोबर कॉलेजात चल. नाहीतर पोलिसांना सांगतो पायरी कोण ते. तुझी आई आत जाईल.'

ताई, मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. आई भांडी घासत होती, तिनं मागे वळूनही बघितलं नाही. 'सांगा ना. मीही येते. पोरीचा हात दाखवायला घेऊन येते.'

बाबा भिंतीकडे तोंड करून निजले.

सोमवारी मी तंत्रशाळेत जाणार. बोटं जुळेपर्यंत नुसतं बसून बघ, जागा तुझीच, असं मास्तर म्हणालेत. सकाळी आईकडे हातोडी मागितली. ती उशीखाली ठेवते, तुझ्या बहिणीनं न शिवलेल्या अभ्र्यात गुंडाळून. म्हणाली, 'ही आता माझी. तू दुसरी घे.'

तिला फोन कर. तू काही बोलली नाहीस तरी चालेल. रात्रभर ती जागीच असते.

तुझी,
सध्या डावरी,
धाकटी