एकतीस नंबरचं रक्त

३ नोव्हेंबर
प्रयोगशाळेत ज्योतिषीबुवा अवतरले! म्हणजे आमच्या प्रमुख बाईंनी नेमलेला नवा संगणकवाला. लस टोचण्याआधीचं रक्त बघून म्हणे याचं मॉडेल सांगणार, कोणाच्या अंगात अँटीबॉडी तयार होतील, कोणाच्या नाही. मग मी एकोणीस वर्षं पिपेट धरून माश्या मारतेय का? रक्ताची नळी कधी हातात धरलीय का, विचारलं. म्हणाला, चक्कर येते.

४ नोव्हेंबर
ताईला लस टोचली. आमच्या या लशीच्या अभ्यासात तीही आहे. किडनी बदलल्यापासून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या, आणि दोन वर्षं घरात कोंडलेली. फ्लूची लस लागू पडली तरच बालवाडीत शिकवायला जायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. कोणाचं रक्त ते आम्हाला कळू नये म्हणून नळीवर फक्त नंबर असतो. पण तिचं रक्त मीच काढलं. एकतीस — तोंडपाठ.

२ डिसेंबर
लशीनंतरची रक्तं खळग्या-खळग्यांच्या प्लेटींत घालून यंत्रात तपासली. एकतीस — भरघोस! डॉक्टरांकडे कागद जायला अजून दोन आठवडे. कशाला थांबायचं? ताईला सांगून टाकलं. रडली. मग शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत बसली.

५ डिसेंबर
ज्योतिष्याचं मॉडेल म्हणतं, एकतीसच्या अंगात काहीच तयार व्हायला नको. त्याच प्लेटवरचे आणखी वीसेक आकडे त्याला पटत नाहीत. बाकीच्या प्लेटी मात्र पटतात! प्लेट परत लावून बघता का, म्हणाला, मांजराच्या आवाजात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रक्त खोटं बोलतं आणि तुमचा डबा खरं?" बाई हसल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं.

प्लेटच्या चारही कोपऱ्यांत मी एकच ओळखीचा नमुना घालते. चारही बरोबर आले होते. ही पद्धत या खोलीत मीच आणली. आता त्या डब्याने मला शिकवायचं!

८ डिसेंबर
ताईला बालवाडीत सोडलं. निम्मी पोरं शेंबडी. पण कशी धावली तिच्याकडे! मला फार बरं वाटलं.

११ डिसेंबर
निव्वळ त्याची जिरवायची म्हणून प्लेट परत लावली. एकतीस — शून्य. पुन्हा पाहिलं, शून्यच.

जुना कागद शेजारी ठेवला. मग तो खालची कड वर येईल असा फिरवला. आकडे नव्या आकड्यांशी ओळीने जुळत गेले. त्या दिवशी मी प्लेट यंत्रात उलट्या टोकाने सरकवली होती. चारही कोपरे सारखे, मग कळणार कसं? ते भरघोस रक्त दुसऱ्याच कोणाचं होतं. मूर्ख मी! एकोणीस वर्षं म्हणे!

११ डिसेंबर, दुपारी
ताईला फोन केला. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "अगं, सकाळपासून अंगात कणकण आहे. पोरांकडून आलं असेल. पण तू सांगितलंस म्हणून निर्धास्त आहे बघ."