गव्हर्नर आधी, राष्ट्राध्यक्ष नंतर

प्रिय एवांद्रो यास,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. तुझी कंबर, सौ. लेनिराचा खोकला आणि साओ पावलोतला तुमचा तो कुरकुरणारा जिना, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे बेकरी जोरात आहे. मी हरलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपला मेहुणा आदेमार फोनवर काहीही बरळला असेल.

राष्ट्राध्यक्ष कोण हवा, यावर माझं आणि आदेमारचं कधी नव्हे ते एकमत होतं (त्यामुळे जेवताना बोलायला विषयच उरला नाही). भांडण गव्हर्नरवरून. त्याला राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचा हवा, मला दुसऱ्या पक्षाचा. शेवटी पैज लागली: आपल्या शाळेतल्या यंत्रात ज्याचा गव्हर्नर मागे पडेल, त्याने दुसऱ्याला विटा वाहायच्या एकचाकी गाडीत बसवून चर्चच्या चौकाला फेरी मारायची, बँड लावून. आदेमारचं वजन तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात त्याच्याखाली खुर्ची मोडली, तेव्हा तर तो सडपातळ होता.

मी गाफील राहणारा माणूस नव्हे. पुठ्ठ्याचं मतदान यंत्र बनवून काउंटरवर ठेवलं आणि पावाला येणाऱ्या प्रत्येकाकडून घोटून घेतलं: पडद्यावर आधी गव्हर्नर येतो, राष्ट्राध्यक्ष सगळ्यात शेवटी. एका पक्षाच्या दोन्ही उमेदवारांना आकडा एकच, म्हणून घाईत राष्ट्राध्यक्षाचा आकडा आधी दाबलात तर आदेमारचा माणूस उगवेल, तेव्हा फोटो बघा, मगच हिरवं बटण. (आदेमारच्या लोकांना एकच आकडा दोनदा दाबायचा. त्याला काय अक्कल लागते?) तुझी धर्ममाता झेनाइदामावशी सत्तरीपुढची, तिला मत द्यायची सक्तीही नाही, तरी माझ्या शब्दाखातर चर्चचा झगा घालून आली.

संध्याकाळी शाळेच्या दारावर निकालाची पट्टी चिकटवली. आपण एका मताने मागे! मी जागच्या जागी ओळखलं, घोळ मावशीचा. सगळ्यांसमोर म्हटलंही, "काय मावशी, चष्मा घरी विसरलात ना?" ती "असेल बाबा, वय झालं," म्हणाली आणि निघून गेली.

येत्या रविवारी फेरी आहे. गाडी अशी ढकलेन की बघणाऱ्यांना वाटावं, जिंकलो मीच.

तुझा दादा,
ओझोरियो

ता. क. मावशी तेव्हापासून पावाला आलेली नाही. तू तिचा लाडका. शनिवारीच ये आणि तिची समजूत काढ.

आणखी ता. क. ते मत माझं होतं. पडद्यावर आदेमारचा माणूस हसत होता. मला वाटलं, राष्ट्राध्यक्ष या फोटोत जरा तरुण दिसतायत, आणि दाबलं हिरवं. पुढच्या पडद्यावर राष्ट्राध्यक्ष विचारला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे पत्र वाचून फाडून टाक.

शेवटचा ता. क. तुझी वहिनी इरासी माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचत होती. म्हणते, "अहो, फाडून काय उपयोग? मी आणि मावशी रांगेत तुमच्या मागेच होतो. 'मेलो, आदेमारला दिलं!' असं केवढ्याने बोललात तुम्ही. मावशींनीच मला गप्प बसवलं." म्हणजे सगळं ठाऊक असून तिने गावासमोर माझं ऐकून घेतलं. एवांद्रो, मला फार लाज वाटतेय. तू येऊ नकोस, गरम पाव घेऊन मीच जातो. तिने दार उघडल्यावर काय बोलायचं, तेवढं मात्र उलट टपाली कळव.